खोगीरवाल्याचा होकार

सावेरिओ टेलेस्काला साऱ्या जन्मात एकाच शब्दाची धास्ती होती, आणि तो शब्द म्हणजे त्याच्याच घराण्याचं नाव. कागदोपत्री आडनाव टेलेस्का. पण नेवार्कच्या आमच्या फर्स्ट वॉर्डात कागदोपत्री नावाला विचारतो कोण? इटलीच्या दक्षिणेतल्या रोक्काव्हेर्देच्या डोंगरातून जी जी घरं अमेरिकेला आली, ती आपापली टोपणनावं बोटीतून बरोबर घेऊन आली. कुणी 'लंगडे', कुणी 'कोल्हेमारे', कुणी 'उपाशी'. उपाश्यांची आता दोन हॉटेलं आहेत, तरी ते उपाशीच. तसे हे 'खोगीरवाले'. सावेरिओचा जन्म इथला, शाळा इथली, लढाईत तो अमेरिकेच्या फौजेत रेडिओ दुरुस्त करत होता. तीन वर्षांनी परत आला, कडक इस्त्रीच्या गणवेशात बेकरीत पाव घ्यायला गेला, तर म्हातारी कार्मेला सगळ्या गिऱ्हाइकांच्या डोक्यावरून ओरडली, "अगं बाई, खोगीरवाल्यांचा पोरगा जिवंत आला की गं!"

बिचाऱ्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पाव न घेताच घरी आला.

आमच्या बोलीत मठ्ठ माणसालाही खोगीरच म्हणतात, हे त्या दुखण्यातलं आणखी एक दुखणं. शाळेत पोरं त्याच्या पाठीवर दप्तरं टाकून "हुर्रर्र" करायची. तेव्हापासून त्यानं मनाशी ठरवलं होतं की आपण सॅम व्हायचं. इंग्रजीत सॅम टेलेस्का, गिटारीचे कारागीर. ऐकायला किती छान! आणि तो कारागीर होताही, नाही असं नाही. पण अर्धाच. उरलेला अर्धा मागच्या खोलीत सरसाच्या वासात बसलेला असायचा, आणि तोच मुख्य अर्धा होता.

तो म्हणजे त्याचा बाप, झी दोनातो. झी म्हणजे काका. वस्तीतल्या प्रत्येक पिकल्या माणसाला आम्ही झी म्हणतो. दोनातो बाविसाव्या वर्षापर्यंत गावाकडे खेचरांची खोगिरं करत होता. बसायची मऊ खोगिरं नव्हेत, ओझ्याची. लाकडाच्या कमानी आणि खाली कण्याच्या दोन्ही बाजूंना एकेक दांडा. कणा मोकळा राहिला पाहिजे. भार कण्यावर आला की जनावर आठ दिवसांत जायबंदी. हे त्याला त्याच्या बापानं शिकवलं, बापाला त्याच्या बापानं. इथं आल्यावर तो एका मँडोलिनच्या कारखान्यात झाडू मारायला लागला. एक दिवस लाकूड कोरणारा एक कारागीर आजारी पडला, आणि मुकादमानं चेष्टेनं याच्या हातात पटाशी दिली. संध्याकाळपर्यंत चेष्टा संपली होती. पुढे मँडोलिनचं वेड ओसरलं, कारखाना बुडाला, आणि दोनातोनं घराच्या मागच्या खोलीत स्वतःच्या गिटारी करायला सुरुवात केली. पोट फुगीर, पाठ फुगीर, व्हायोलिनसारखी दोन बाजूंना एफच्या आकाराची भोकं. वरची फळी स्प्रूसच्या लाकडाची, जाडजूड ठोकळ्यातून कोरून काढलेली.

त्याची काम करायची तऱ्हा पाहिली असती तर तुम्हीही हसला असता. बाकीचे कारागीर फळीवर बोटानं टकटक करून कान लावतात. हा फळी आपल्या वाकवलेल्या गुडघ्यावर घालायचा, दोन्ही तळवे तिच्यावरून मागे-पुढे फिरवायचा आणि डोळे मिटून म्हणायचा, "हितं टोचतंय." मग अंगठ्याएवढ्या पितळी रंध्यानं तिथलं केसभर लाकूड काढायचा. कुणाला टोचतंय, हे सावेरिओनं कधी विचारलं नाही, कारण त्याला माहीत होतं.

लढाईनंतर सगळ्यांना विजेच्या गिटारी हव्या झाल्या, आणि तिथं सावेरिओचं रेडिओचं ज्ञान कामी आलं. तारांचा आवाज पकडून विजेत उतरवणारे पिकअप तो स्वतः करायचा. चुंबकं बसवायची, त्यांच्यावर तांब्याची तार गुंडाळायची. पण एक पंचाईत होती. या गिटारी पोकळ. अॅम्प्लिफायर जरा मोठा केला की आवाज त्यांच्या पोटात शिरून घुमायचा आणि गिटार शेपटीवर पाय पडलेल्या कुत्र्यासारखी केकाटायची. सगळ्या मोठमोठ्या कारखान्यांचं हेच रडगाणं. सावेरिओनं आत चिंध्या कोंबून पाहिल्या, भोकं बुजवून पाहिली.

म्हातारा दोन दिवस ते केकाटणं ऐकत होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "आरं, जनावर लाथा झाडतंय. लाथा झाडणाऱ्या खेचराला कुनी हलकं खोगीर घालतं का?"

"पापा, हळू बोला. दुकानात गिऱ्हाईक आहे."

"गिऱ्हाइकाला काय आपली बोली कळतीय? ऐक. फळी मधी जाड ठिवू. पोटातल्या दांड्या जड घिऊ, जरा लांब लांब बसवू. कना मोकळा. त्या मोकळ्या जागंत तुझी ती चुंबकं घाल, दांडी कापायला नको."

आणि काय सांगू तुम्हाला, ती गिटार केकाटली नाही! अॅम्प्लिफायर शेवटपर्यंत पिळला, वरच्या मजल्यावरून सावेरिओची बायको असुंता ओरडत खाली आली, भिंतीवरचा संत जेरार्दो तिरका झाला, पण गिटार शहाण्यासारखी जेवढं वाजवलं तेवढंच बोलली. सावेरिओनं बापाला मिठी मारली. त्या दिवशी त्याला बापाचा अभिमान वाटला होता, हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्याला शिव्या घालणार आहात.

ती गिटार घेतली लूशियस प्रिंगलनं. हा थर्ड वॉर्डातला काळा वादक, सहा फूट उंच, बोलायला मऊ. जन्म साउथ कॅरोलायनाचा. सतराव्या वर्षापर्यंत खेचराच्या मागे नांगर धरलेला. त्यानं घेण्याआधी गिटार उचलली, एफच्या भोकातून विजेरीचा उजेड आत टाकला आणि बराच वेळ बघत राहिला. मग एकदम म्हणाला, "अरे देवा! सॅम, हे तर ओझ्याचं खोगीर आहे!"

सावेरिओनं चटकन दुकानाच्या दाराकडे पाहिलं. "छे छे, ते... ती जुनी इटालियन पद्धत आहे."

"जुनी असेल नाहीतर नवी. मी अशी शेकडो लादली आहेत. कुणी केलं हे?"

त्यानं उत्तराची वाटही पाहिली नाही. पडदा सारून मागच्या खोलीत गेला, म्हाताऱ्यासमोर उभा राहिला, आणि भाषा येत नाही म्हटल्यावर सरळ गुडघ्यांवर हात टेकून वाकला आणि स्वतःच्या पाठीकडे बोट दाखवू लागला. दोनातोनं रंधा खाली ठेवला. मग त्यानं अर्धवट कोरलेली एक फळी उचलली, त्या लांबलचक माणसाच्या पाठीवर ठेवली, तळवे फिरवले आणि गंभीरपणे म्हणाला, "हितं टोचतंय." लूशियस खेचरासारखा फुरफुरला. दोघं हसून हसून बाकड्यावर बसले, म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यानं कितीतरी वर्षांत कुणाला आपला खरा धंदा असा दाखवला नव्हता.

आणि आमचे सॅमसाहेब काय करत होते? दुकानाचं दार लावून घेत होते. रस्त्यावरून कुणी बघितलं तर?

पुढे लूशियस ती गिटार क्लबांतून वाजवू लागला आणि तिचं नाव नदीपलीकडे न्यूयॉर्कपर्यंत गेलं. एप्रिलच्या सुरुवातीला, त्रेपन्न साली, हॉलोवे नावाचे एक गृहस्थ आमच्या गल्लीत मोटारीतून उतरले. न्यूयॉर्कला त्यांचं वाद्यांचं मोठं दालन होतं. राखाडी सूट, हातमोजे. सावेरिओला ते "मिस्टर टेलेस्का" म्हणाले. मिस्टर! त्यांना आपल्या दालनात टेलेस्का गिटारी ठेवायच्या होत्या, प्रत्येक गिटारीबरोबर कारागिराची माहिती छापलेलं एक सुरेख कार्ड. लोकांना नुसतं वाद्य नको असतं, म्हणाले, त्यामागचं घराणं हवं असतं.

मागच्या खोलीत नेल्यावर ते दोनातोच्या हातांकडे बघत राहिले. मग अगदी देवाचं नाव घ्यावं तशा आवाजात त्यांनी विचारलं, "क्रेमोना?"

व्हायोलिनवाल्यांचं ते गाव. दोनातोला त्या सगळ्या वाक्यांतला तेवढाच शब्द कळला. आता आमच्यात नाही म्हणायचं तर आम्ही मान हलवत नाही. हनुवटी वर उचलतो आणि जिभेनं 'च्' करतो. संपलं, म्हणजे नाही, मुळीच नाही, कोण म्हणतो! दोनातोनं तेच केलं. हनुवटी वर, 'च्'. म्हणजे क्रेमोना कुठलं आलंय बाबा, मी डोंगरातला माणूस.

पण अमेरिकन माणसाला ते मान डोलावल्यासारखंच दिसतं. हॉलोवेसाहेबांचा चेहरा खुलला. "मला वाटलंच होतं! हे हातच सांगतात!"

"साहेब, ते नाही म्हणताहेत." चार शब्द. तेवढे चार शब्द सावेरिओच्या जिभेवर आले आणि तिथंच बसून राहिले. तो हसला, आणि साहेबांना कॉफी विचारली. बाप बिचारा, पाहुण्यांना आपलं उत्तर समजलं म्हणून खूश झाला आणि पुन्हा रंधा हातात घेतला.

आपण खोटं बोललोच नाही, असं सावेरिओ त्यानंतर स्वतःला रोज सांगायचा. ज्याला रोज सांगावं लागतं त्याचं मन किती स्वच्छ असेल ते तुम्हीच ओळखा. पण एकवीस तारखेला हॉलोवेंचा टेलिफोन आला, कार्डासाठी आजोबांचं नाव हवं म्हणून, आणि तेव्हा मात्र तो चक्क बोलला. खरं नाव सांगायला काय झालं होतं? पण खऱ्या नावाला दक्षिणेचा, डोंगराचा वास येतो असं त्याला वाटलं. समोर भिंतीवर अंत्यसंस्कारवाल्यांनी फुकट दिलेलं कॅलेंडर होतं. त्या दिवसाचा संत होता आन्सेल्मो. "आन्सेल्मो," तो म्हणाला. रिसीव्हर ठेवला आणि त्यानं कॅलेंडराकडे पाठ केली.

कार्डाचा नमुना टपालानं आला. जाड पांढरा कागद, सोनेरी कड. सावेरिओनं तो कोटाच्या आतल्या खिशात लपवला, आणि अर्थातच असुंताला तो सापडला. बायको ब्रश मारायला कोट घेणार नाही असं समजणारा नवरा खरोखरच खोगीर म्हणायचा.

"चार पिढ्या क्रेमोना!" ती स्वयंपाकघराच्या दारात कार्ड नाचवत म्हणाली. "अरे वा! आणि मी इतकी वर्षं समजत होते की मी डोंगरातल्या घरात पडले. माहेरी कळवते की मुलीचं दैव उघडलं."

"असुंता, हळू."

"का? पापांना ऐकू जाईल? त्यांनाच विचारायचं ना, की बाबा तुम्ही कुठले?"

"धंद्यात थोडी खोगीरभरती करावी लागते."

शब्द तोंडातून गेला आणि त्याचा त्यालाच चटका बसला. असुंता हसली नाही. कार्ड टेबलावर ठेवून ती म्हणाली, "सावे, ते वाचू शकत नाहीत म्हणून तू हे छापू दिलंस. शनिवारी त्या साहेबाच्या दालनात गिटार दाखवायचा कार्यक्रम आहे, तिथं त्यांना नेणार आहेस ना? त्याआधी त्यांना सांग. नाहीतर त्या साहेबाला सांग. दोघांपैकी एकाला तरी सांग."

सांगतो, म्हणाला. सोमवारी सांगणार होता, बुधवारी सांगणार होता. शनिवारी दुपारी बसमध्ये तर नक्कीच सांगणार होता. पण म्हातारा शेजारी बसला होता लग्नातला काळा सूट घालून, मिशा पिळून, मांडीवर कागदात गुंडाळलेलं घरचं वाळवलेलं सॉसेज. हॉलोवेसाहेबांना द्यायला. कुणाकडे जायचं तर रिकाम्या हातानं जात नाहीत. सावेरिओनं दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा म्हाताऱ्यानंच बोलायला सुरुवात केली. "सावेरिओ, तुझी आई आसती तर आज तिनं नवी वढणी घातली आसती बघ." बस बोगद्यात शिरली आणि बोलायचं राहून गेलं.

दालनात तीस-चाळीस माणसं होती. मधोमध एका चौथऱ्यावर लूशियस खुर्चीत बसला होता, मांडीवर ती गिटार, शेजारी अॅम्प्लिफायर. हॉलोवेंनी सॉसेजचं पुडकं दोन बोटांनी घेतलं आणि कुणाच्या तरी हातात दिलं. सगळ्यांना कार्डं वाटली. आणि मग ते म्हणाले, "आज तुमच्यासाठी एक खास पाहुणे बोलावले आहेत, सिन्योर दोनातो. तुमच्याच गावचे!"

सावेरिओनं बापाची बाही धरली.

पाहुणे होते सिन्योर बोनेत्ती. खरेखुरे क्रेमोनाचे, व्हायोलिनचे दुरुस्तीकार, सोनेरी काडीचा चष्मा. त्यांनी कार्ड हातात घेतलं आणि सौजन्य म्हणून ते मोठ्यानं इटालियनमध्ये वाचलं, म्हाताऱ्याला समजावं म्हणून. चार पिढ्या क्रेमोनाच्या कार्यशाळांत वाढलेलं घराणं. आजोबांपासून नातवापर्यंत चालत आलेली विद्या.

दोनातो ऐकत होता. पुस्तकी इटालियन त्याला सगळं कळत नसे, पण एवढं कळलं. आधी त्याला वाटलं, ही दुसऱ्याच कुणाची तरी गोष्ट आहे. मग टेलेस्का हे नाव आलं. त्यानं मुलाकडे पाहिलं.

"टेलेस्का," बोनेत्ती गोड हसत म्हणाले. "गंमतच आहे. आमच्याकडे हे आडनाव माझ्या कधी ऐकण्यात आलं नाही. आपण खरोखरच क्रेमोनाचे का?"

म्हाताऱ्याची हनुवटी वर जायला लागली. सवयीनं, साठ वर्षांची सवय. अर्ध्यावर गेली असेल, आणि त्याला पुन्हा सावेरिओचा चेहरा दिसला. त्या चेहऱ्यावर काय होतं ते मी सांगत नाही. सात वर्षांचा असताना तो शाळेतून पाठीला चिखल लावून यायचा तेव्हा जे असायचं तेच होतं. हनुवटी तिथंच थांबली. सावेरिओनं नजर बुटांवर खिळवली. हीच वेळ होती. नाही म्हणा पापा, किंवा मी म्हणतो नाही. पण जीभ टाळ्याला चिकटली ती चिकटलीच. आणि मग म्हाताऱ्याची हनुवटी हळूहळू खाली आली, खाली, अगदी छातीपर्यंत. "व्हय," तो म्हणाला.

त्या एका "व्हय"मध्ये सगळा डोंगर होता. बोनेत्तींच्या भुवया वर गेल्या. "कुठल्या गल्लीत राहत होतात?"

"ल्हान व्हतो. आठवत न्हाई."

"वयामुळे होतं असं," बोनेत्ती म्हणाले आणि हॉलोवेंकडे पाहून बारीक हसले. दोन-चार जण त्यांच्याबरोबर हसले, चळलेल्या म्हाताऱ्याला हसतात तसे. माझ्या तळपायाची आग आजही मस्तकात जाते. ज्या माणसाला पन्नास वर्षांपूर्वीच्या प्रत्येक खेचराचं नाव पाठ होतं, त्याला हे हसत होते.

लूशियसला इटालियन येत नव्हतं, पण तो आंधळा नव्हता. त्यानं कार्ड वाचलं होतं. तो म्हणाला, "मिस्टर डोनॅटो, यांना खेचरांचं सांगा ना."

"खेचरांचं?" हॉलोवेंनी विचारलं.

सावेरिओची जीभ आता मात्र सुटली. कशासाठी सुटली बघा! "वादकांची आपली गंमत असते," तो हसून म्हणाला. "चला, वाजवू या ना?"

लूशियसनं त्याच्याकडे पाहिलं. रागानं नाही, रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मग तो वाजवायला लागला.

वाजवून झाल्यावर टाळ्या थांबेनात. बोनेत्तींच्या चेहऱ्यावरचं हसू मात्र गेलं होतं. त्यांनी गिटार मागून घेतली, खिशातून दांडीचा छोटा आरसा काढला, भोकातून आत घातला आणि दिव्याखाली फिरवत राहिले. बऱ्याच वेळानं त्यांनी चष्मा काढला. आता ते म्हाताऱ्याशी निराळ्या आवाजात बोलत होते, बरोबरीच्या माणसाशी बोलावं तसं.

"या दांड्या अशा आमच्या गावात कुणी बसवत नाही. हे क्रेमोनाचं काम नाही. पण काय काम आहे! भार दोन्ही अंगांना उतरवलाय आणि मधली जागा मोकळी. मला हे कधीच सुचलं नसतं. कृपा करून सांगा, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

सावेरिओला सगळं कळत होतं. आता खरं सांगितलं असतं तर काही बिघडणार नव्हतं. उलट त्या चष्मेवाल्यानं म्हाताऱ्यापुढे मान लववली असती. खोगीर हा शब्द त्या झगमगाटात, त्या सगळ्या सुटांसमोर ताठ मानेनं उभा राहिला असता. अशी वेळ माणसाला किती वेळा मिळते? त्यानं ओठ ओले केले. पण आधीचं खोटं उघडं पडेल, हॉलोवे काय म्हणतील, सगळे बघतील. तो मूग गिळून उभा राहिला.

दोनातोनं मुलाची वाट पाहिली. खरंच पाहिली, सावेरिओला ती जाणवली. मग त्यानं टोपी हातात फिरवली.

"आठवत न्हाई," तो म्हणाला.

परतीच्या बसमध्ये दोघं शेजारीच बसले. म्हातारा खिडकीतून बघत होता आणि सावेरिओ त्याच्या हातांकडे. घरी आल्यावर असुंतानं दोघांचे चेहरे पाहिले, सासऱ्यापुढे सूप ठेवलं आणि नवऱ्याचं ताट जरा आपटून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. चर्चमधून आल्यावर जेवणं झाली, लाल रश्शातली माकारोनी कुणी पोटभर खाल्ली नाही. असुंता भांडी उचलून आत गेली. सावेरिओनं रात्रभर वाक्यं जुळवली होती. तो म्हणाला, "पापा, मी उद्या जातो. हॉलोवेंना सगळं सांगतो. कार्डं परत घ्यायला लावतो."

"न्हाई, न्हाई!" म्हातारा घाबरलाच. "आसं करू नगंस. त्यानी तुला मिस्टर म्हनलं, म्यां ऐकलं. चिनी मातीच्या कपात कॉफी दिली. आपल्या घरात आजवर कुनाला मिस्टर म्हनलंय कुनी?"

"पापा, माझं चुकलं. मला..."

"माझंच चुकलं. मी काल तुला उघडं पाडनार व्हतो. गल्ली इचारली तर मला सांगता यीना." त्यानं खुर्ची टेबलाजवळ ओढली, दोन्ही हात समोर ठेवले, नीट बसला. नागरिकत्वाच्या परीक्षेआधी तो असाच बसायचा. पहिला अध्यक्ष कोण, झेंड्यावर तारे किती, सगळं घोकून पाठ केलं होतं त्यानं. "तर आता तू मला नीट शिकीव. पुन्हा कुनी इचारलं तर अडायला नगं. गल्लीचं नाव सांग. उस्तादाचं नाव सांग."

"पापा, राहू द्या."

"आरं शिकीव म्हनतो ना! बरं, गल्ली ऱ्हाऊ दे. त्या कागदावर माझ्या बाचं नाव काय घातलंस? काल नीट ऐकू आलं न्हाई."

सावेरिओनं टेबलावरचा पावाचा चुरा बोटांनी गोळा केला. आत असुंतानं नळ बंद केला होता.

"आन्सेल्मो," तो म्हणाला.

"आन्सेल्मो." म्हाताऱ्यानं ते तोंडात घोळवून पाहिलं. "आन्सेल्मो. चांगलं हाय. सोपं हाय." दोन-तीनदा म्हणाला. मग त्याच्या कपाळाला आठी पडली. रागाची नव्हे, लाकडात गाठ लागल्यावर पडायची तशी. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव ठेवायचं, ही आमच्यात कधी न मोडणारी रीत. दोनातोच्या बापाचं नाव सावेरिओ होतं. दांडे कण्याच्या दोन्ही अंगांना कसे बसवायचे ते ज्यानं शिकवलं, तो सावेरिओ.

"पन मग," म्हाताऱ्यानं विचारलं, "कुनी म्हनलं, की तुमच्या बाचं नाव आन्सेल्मो, तर पोराचं नाव सावेरिओ कुनावरनं ठिवलं? तर काय सांगू?"

सावेरिओनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. म्हातारा तसाच पुढे वाकून बसला होता. तो टोमणा मारत नव्हता. त्याला खरंच उत्तर हवं होतं, पाठ करायला.